पाळणा किती फूट?

हॉस्टेलवर नावं लवकर गळून पडतात आणि गावं चिकटतात. पुण्यात एका खोलीत चार वर्षं काढली, तेव्हापासून आम्ही तिघी सांगली, मिरज आणि लातूर. पुढे लग्नपत्रिकांवरची नावं वाचून एकमेकींना फोन केले होते, ही कोण बाई म्हणून.

जानेवारी संपत आला होता तेव्हा सांगलीचा फोन आला. "ए लातूर, मिरजेचा उरूस लागलाय. शनिवारी ये. दिवसभर गाव दाखवते, रात्री पाळण्यात बसवते."

"पाळण्यात? आपण?"

"पोरीला जोडीदार पाहिजे. तिचे बाबा पाळणा खालून बघितला तरी घामाघूम होतात."

गेले. पंढरपूरवरून जाणारी मिरजेची गाडी धरली. या रुळांवर माझं काहीतरी जुनं येणं-देणं आहे, त्याबद्दल पुढे सांगते. स्टेशनवर मिरज उभी होती, नेहमीसारखी कपाळाला आठ्या घालून, कारण गाडी उशिरा आली याचा दोषही तिच्या मते लातूरचाच.

पाहुण्याला आधी गणपतीला न्यायचं, अशी सांगलीची रीत असेल असं मला वाटलं होतं. हिने स्कूटर आधी पुलावर घातली. आयर्विन पूल, 1929 सालचा, व्हाइसरॉयच्या नावाचा. मला वाटलं, दगडी कमानी दाखवायच्या असतील, नाहीतर घाट. नदी खाली शहाण्यासारखी वाहत होती, थंडीतली, अर्ध्या पात्रात. एक म्हातारा गुडघाभर पाण्यात उभा राहून अर्घ्य देत होता आणि काठावरून कुणीतरी त्याला "आत जाऊ नका, मगर हाय" म्हणून दटावत होतं. पण सांगलीचं बोट नदीकडे नव्हतंच. ते खांबावर रंगवलेल्या आकड्यांकडे होतं.

"सांग गं मावशीला," ती लेकीला म्हणाली.

आठ वर्षांच्या त्या पोरीने भडंगाचा तोबरा गालात सरकवला आणि पाढा म्हणावा तसं म्हणून टाकलं, "चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, दोन हजार एकोणीसला सत्तावन्नच्या वर."

मी वर बघितलं, खाली बघितलं. "सत्तावन्न फूट? म्हणजे पाच मजले बुडाले?"

"येडी आहेस. हे फूट नदीच्या तळाकडून मोजतात, रस्त्यावरून नाही. चाळिशीच्या आसपास काठावरच्या वस्त्यांच्या दारात पाणी येतं. तिथून पुढचा एकेक फूट एकेका गल्लीचा. आमच्या उंबऱ्याचा आकडा बावन्न."

हे मला फार आवडलं आणि जरा भीतीही वाटली. आमच्याकडे लोक घराचा पत्ता सांगताना शेजारचं दुकान सांगतात, देऊळ सांगतात. इथे माणसाला आपल्या घराचा फूट पाठ असतो. पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांना विचारतात ते "कसा आहेस" नाही. "आयर्विनला किती?" मग लगेच "कोयनेतून किती सोडलं?" कऱ्हाडला कोयना मिळते, हरिपूरला वारणा, खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. सगळ्या फुगल्या की पाण्याला पुढे सरकायला जागा राहत नाही. त्यात अलमट्टीच्या धरणाचा फुगवटा इथवर येतो की येत नाही, हा वाद चहाच्या प्रत्येक टपरीवर दरवर्षी नव्याने लागतो आणि दरवर्षी चहा संपल्यावर सुटतो.

"आणि 2005 च्या पुराला?" मी विचारलं.

"ते घरी गेल्यावर. जिना बघायला लागतो त्याला."

गणपतीला गेलो मग. थोरल्या चिंतामणराव पटवर्धनांनी बांधायला घेतलेलं देऊळ, नदीच्या इतकं जवळ की घंटा वाजली तर पैलतीराला ऐकू जावी. या देवळात मिरज हटकून भांडण काढते. 1801 साली चिंतामणरावांनी मिरजेच्या काकांशी वाटणी केली आणि सांगलीला वेगळी गादी मांडली. मिरजेच्या दृष्टीने हे कालच घडलंय.

"आमच्यातून फुटलेली भावकी ही," ती नमस्कार करता करता पुटपुटली.

"फुटलो म्हणून सुधारलो," सांगली डोळे मिटूनच म्हणाली. "नाटक कुठं झालं पहिलं? मिरजेत?"

तेवढ्यात तिचा विजय झाला. 5 नोव्हेंबर 1843 ला याच चिंतामणरावांपुढे विष्णुदास भाव्यांनी खेळ केला. मराठी रंगभूमीचा दिवस त्याच तारखेला पाळतात, दरवर्षी सांगलीत भाव्यांच्या नावाचं पदक देतात, आणि मिरजेला ते मुकाट्याने ऐकून घ्यावं लागतं. आता दोन्ही गावांची महापालिका एकच आहे, कुपवाड मध्ये घेऊन. ते कुणाच्याच डोक्यात शिरलेलं नाही.

मार्केट यार्डात हळदीची आवक नुकती सुरू झाली होती. गेटातून आत गेल्याबरोबर मी सहा शिंका दिल्या. पोत्यांच्या थप्प्या, मधून वाकून चालणारे हमाल, आणि सगळ्यांच्या भुवया, कानाच्या पाळ्या, मनगटावरचे दोरे पिवळे. एक हमाल पोतं टाकून टेकला होता. मी बघतेय हे बघून म्हणाला, "आम्हाला रोजच हळद लागती बाई. नवरी कुठाय तेवढं इचारू नका." शेजारचे तिघे हसले. हा विनोद तो रोज करत असणार. सांगलीने एक हळकुंड उचलून मोडलं. खटकन आवाज आला. आतून गाजरासारखं लालसर केशरी होतं. "राजापुरी," ती म्हणाली आणि ते हळकुंड माझ्या पर्समध्ये टाकलं. पर्सचं अस्तर अजून पिवळं आहे.

हरिपूरच्या रस्त्याला चिंचा आहेत, आणि त्या रस्त्याने जाताना माणूस आपोआप हळू चालवतो. नाटककार गोविंद बल्लाळ देवल इथलेच. रस्ता संपतो तिथे संगमेश्वराचं देऊळ आणि खाली कृष्णा-वारणेचा संगम. पण मला आठवतात ती पेवं. हळद साठवायची जमिनीखालची कोठारं. वरून बघितलं तर काहीच नाही, उकिरड्याएवढी जागा. तोंड एका माणसापुरतं, खाली उतरलं की पोट रांजणासारखं सुटत गेलेलं. आतून पाला लावून हळद भरायची, तोंड मातीने लिंपायचं. हवा नाही, त्यामुळे कीड नाही. वर्षं-दोन वर्षं माल तसाच राहायचा. उघडल्यावर मात्र लगेच आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूसही विझेल.

हे सगळं आम्हाला तिथे बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं. किती पेवं राहिली, विचारल्यावर त्यांनी नदीकडे मान वळवली. "2005 ला आत पाणी शिरलं. लिंपलेलं तोंड पाण्याला काय थांबवणार? उघडलं तर आत काला. तेव्हापासून लोकांचा जीव उठला पेवावरनं. आता गोदामं, कोल्ड स्टोरेज." मग जरा थांबून, "जमीन भरवशाची होती. पाणी नव्हतं."

जेवण सांगलीच्या माहेरी झालं. झुणका, भाकरी, वांग्याचं भरीत. त्यावर लिहीत बसले तर लेख तिथेच राहील.

मिरज लागली की मिरजेची पाठ ताठ होते. तिने आम्हाला थेट सतारमेकरांच्या गल्लीत नेलं. एका दुकानात माळ्यावर भोपळे टांगलेले, पोटाएवढे, वाळून कडक झालेले. खायचा नव्हे, हा कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातात हा व्यवसाय आला आणि तलवारी गेल्यावर तंबोरे राहिले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तो कागद काच लावून भिंतीवर.

कारागीर जवारी काढत होता. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा कानशीने घासायचा. दोनदा कानस फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा दोनदा. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. मग त्याने तारेखाली सुताचा दोरा सरकवला, नखाने इकडून तिकडे केला, आणि एका ठिकाणी तार एकदम उघडली. म्हणजे आवाज मोठा नाही झाला, पसरला. भांड्यात पाणी ओतताना ते काठापर्यंत आलं की आवाज बदलतो, तसं काहीतरी. मी हे बोलून दाखवलं तर मिरज म्हणाली, "लातूरकरणीला सगळीकडे पाणीच दिसतं."

कारागीर हसला. माळ्यावर बोट दाखवून पोरीला म्हणाला, "हा भोपळा पाठीला बांधून आम्ही कृष्णेत पोहायला शिकलो. मोठेपणी त्याच्यातनं सूर काढतो."

उरुसाला पोचेपर्यंत दिवे लागले होते. ख्वाजा मीरासाहेबांचा दर्गा. इथे पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चर्मकार समाजाचा असतो. गायक अब्दुल करीम खाँसाहेब 1937 ला गेले, ते इथेच विसावलेत. दरवर्षी उरुसात चिंचेच्या झाडाखाली गाणारे हजेरी लावायला येतात, मोठे मोठे, मांडी घालून साध्या बैठकीवर. आम्ही गेलो तेव्हा कुणी तरुण मुलगा तंबोरा जुळवत होता आणि पलीकडच्या मैदानातून भोंगा ओरडत होता, "मौत का कुआँ, मौत का कुआँ, शेवटचा खेळ!" तो मुलगा डोळे मिटून तंबोऱ्याला कान लावून बसलेला. त्याला भोंगा ऐकू येत नव्हता की काय कोण जाणे. मला दोन्ही एकदमच ऐकायला आवडलं असतं, पण पोर हात ओढत होती.

पाळण्यांचं मैदान म्हणजे डिझेलचा वास, जिलबीचा वास आणि धूळ. ड्रॅगन गाडीत मी मान मोडून घेतली. ब्रेकडान्समध्ये मिरज किंचाळली नाही, पण बाहेर आल्यावर दहा मिनिटं कुणाशी बोलली नाही. आणि मग आकाशपाळणा.

पाळणेवाला पोरगेलासा होता, गळ्यात मफलर. माणसं भरण्याचं त्याचं गणित बघत राहावं असं होतं. एक डबा भरला की लगेच शेजारचा नाही भरायचा, चाक अर्धं फिरवून समोरचा भरायचा, जाड माणसासमोर जाड माणूस, नाहीतर चाक एका बाजूला ओढ घेतं. आमच्याकडे बघून त्याने क्षणभर विचार केला आणि समोरच्या डब्यात तीन पैलवान घातले. मिरजेने हा अपमान अजून विसरलेला नाही.

दांडा लावला. सांगली वाकून म्हणाली, "अरे, हा पाळणा किती फूट?"

"पासष्ट असल."

ती काहीच बोलली नाही. आम्ही चढायला लागलो, थांबत थांबत. खाली डबे भरत होते, आणि असं होता होता आम्ही अगदी टोकावर येऊन उभ्या राहिलो. वारा गार. डबा कुरकुरत होता. खाली उरूस, पलीकडे मिरज जंक्शनचे पिवळे दिवे, लांबवर सांगलीची झाक. आणि मधे एक लांबलचक काळा पट्टा, वळणं घेत गेलेला, जिथे एकही दिवा नव्हता.

"ती नदी," सांगली म्हणाली. "त्या आठवड्यात रात्री गच्चीवरून बघितलं तर सगळं गावच असं होतं. आमचीही लाईट गेलेली. नदी कुठं संपते आणि गाव कुठं सुरू होतं, कळायचं नाही."

2019 च्या ऑगस्टची ही गोष्ट तिने मला फोनवर कधी नीट सांगितली नव्हती. रबराची बोट गॅलरीला येऊन लागली. जिन्याने नाही, गॅलरीच्या कठड्यावरून पाय टाकून उतरायचं. सासूबाई येईनात. दोन वर्षांची पोर आधी दिली, या हातातून त्या हातात, पार्सल द्यावं तशी.

"आई, मी रडले होते?"

"नाही गं. हसत होतीस. बोट हलायला लागली तर टाळ्या वाजवल्यास. तुला वाटलं, पाळणाच आहे."

पोरीला हे पटलं. तिने खाली वाकून थुंकी कुठे पडते ते बघायचा प्रयत्न केला आणि आईचा धपाटा खाल्ला.

"आणि तुला सांगू," सांगली माझ्याकडे वळली, "घराभोवती सगळी कृष्णा, आणि प्यायला एक कळशी. तोंड धुतलेलं पाणी संडासाला. तेव्हा तुझी आठवण यायची."

मी जंक्शनच्या दिव्यांकडे बघत होते. आता ते येणं-देणं सांगते. 2016 च्या एप्रिलमध्ये लातुरात नळ कोरडे होते, मांजरा धरण आटलं होतं, टाक्यांवर भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. तेव्हा या मिरजेच्या यार्डातून कृष्णेचं पाणी रेल्वेने आमच्याकडे आलं. वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, राजस्थानात कोट्याला वाफेने धुऊन आणलेल्या. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. त्या दिवशी मिरजेने फोन केला होता, "तुझं पाणी भरायला लागलेत गं, आत्ता यार्डात बघून आले." मी हसले होते आणि मग फोन ठेवून बराच वेळ रडले होते. तिला हे माहीत नाही. आता कळेल.

आणि एकोणीसला, ज्या आठवड्यात ही कठड्यावरून बोटीत उतरत होती, तेव्हा आम्ही पुन्हा नळाची वाट बघत होतो. मी तिला फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. टीव्हीवर हिच्या गावातलं पाणी दिसत होतं. माझी आई टीव्हीसमोर बसून म्हणाली होती, "एवढं आहे, तर थोडं इकडं का नाही?" म्हणायला सोपं. मलाही क्षणभर तेच वाटलं होतं, आणि ते मी सांगलीला त्या डब्यात बसून सांगितलं. पासष्ट फुटांवरून पळून कुठे जाणार!

ती म्हणाली, "वाटणारच की. मलाही वाटलं होतं, घेऊन जा म्हणून."

तेवढ्यात चाक सुटलं. पोटात गोळा आला आणि तिघीही एकदम ओरडलो. समोरचे पैलवानही ओरडले.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पोरीला कोलंबस राहिला होता. होडीच्या आकाराचा तो झोका, आत बाकं. चढताना पाळणेवाला सांगत होता, चपला खाली काढा. माझी चपल नवी, कोल्हापुरी. चोरीला जाईल म्हणून मी पायातच ठेवली. तिसऱ्या झोक्याला होडी आभाळाकडे गेली आणि डावी चपल तिच्याही वर. मी ती स्पष्ट बघितली. दिव्याच्या उजेडात एकदा उलटी झाली आणि मौत का कुआँच्या मागे अंधारात गेली. आम्ही मोबाईलच्या उजेडात सगळीकडे शोधलं. एक कुत्रं भेटलं, त्याच्याही तोंडात नव्हती. शेवटी उजवी हातात घेऊन अनवाणी स्कूटरवर बसले. मिरज तिच्या घराच्या वळणावर उतरेपर्यंत हसत होती.

घरी पोचायला अकरा वाजले. सांगलीच्या सासूबाई, काकू, जाग्याच होत्या. माझे पाय बघून त्यांनी काही विचारलं नाही, बादली आणि तांब्या आणला आणि मला ओट्यावर उभं केलं. ओट्याच्या कडेला सिमेंटचं घमेलं होतं. मी ते पायाने ओढलं आणि त्यात उभी राहिले. ओढल्याचं मलाही कळलं नाही. 2016 पासूनची सवय.

"घमेल्यात कशाला उभारलीस गं?"

"पाणी वाया नको."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मग तांब्याची धार बारीक केली. पाय धुऊन झाल्यावर घमेलं उचललं आणि मोरीत न ओतता जास्वंदीच्या बुंध्याशी रितं केलं.

सांगलीने जिन्याचा दिवा लावला. "हा बघ. 2005 ला पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. म्हणून एकोणीसला आईंनी चौथीवर तांदळाचं पोतं ठेवलं आणि म्हणाल्या, याच्यावर येणार नाही, मी बघितलंय. म्हणून तर बोटीत बसायला तयार नव्हत्या."

"बघितलंच होतं मी," काकू खालून म्हणाल्या.

"आणि आलं किती?"

"मोज."

भिंतीला दोनदा रंग दिलेला होता, पण अकराव्या पायरीपाशी रंगाखालून एक रेघ अजून जाणवत होती. मी ओल्या पायांनी मोजत मोजत वर गेले. तेराव्या पायरीवर तांदळाचं पोतं होतं.